चंपतरावांनी निवडलेली धून

नागपूरच्या सदरमधल्या मराठी मंडळीच्या दगडी चर्चमध्ये चंपतराव सदाफळे सतरा वर्षं पायपेटी वाजवत होते, आणि सतरा वर्षं त्यांच्यापुढं स्वरलिपीचं जाड पुस्तक उघडं असे. त्या पुस्तकातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत आहे, अशी त्यांची समजूत होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको सिंधू.

दिवसा ते सीताबर्डीवरच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे पुढ्यात येईल ते जुळवत आणि चूक क्वचितच निघे. पण पाच रेघांवरचे ते काळे ठिपके पाहिले, की त्यांना पापडावर जिरं विखुरल्यापलीकडं काही दिसत नसे.

त्यांची आई मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. बंगल्यातल्या मिससाहेब स्कॉटलंडहून आलेल्या. चर्चची पायपेटी त्याच वाजवत. चौदा वर्षांच्या चंपतनं एकदा ऐकलेलं गीत जसंच्या तसं वाजवून दाखवलं, तेव्हा त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. बोटं कशी ठेवायची, पायांनी भाता कसा चालता ठेवायचा, हे तो आठवड्याभरात शिकला. स्वरलिपी मात्र शिकला नाही. मिससाहेब आधी स्वतः वाजवून दाखवत, तेवढ्यात ते त्याच्या कानात बसे, मग तो पुस्तकावर नजर ठेवून तेच वाजवी. बाईंना वाटे, पोरगं वाचतंय. त्या शाबासकी देत. ती शाबासकी त्याला इतकी गोड लागे, की खरं सांगायची वेळ तो पुढं ढकलत राहिला.

पुढं मिससाहेबांकडं मीराबाई थोरातही शिकायला येऊ लागल्या. मुलींच्या मिशनशाळेत त्या शिक्षिका होत्या, चंपतरावांहून तीन वर्षांनी मोठ्या. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा वारला होता. कानानं उचलण्याची देणगी त्यांच्याकडं नव्हती. त्या एकेक ठिपका वाचून, तोंडानं मात्रा मोजून, पुन्हा पुन्हा वाजवून धून उभी करत. वेळ लागे, पण उभी राहिलेली धून खरी असे.

एकोणीसशे एकसष्टमध्ये मिससाहेब मायदेशी परतल्या आणि पायपेटीवर कोणाला बसवायचं हा प्रश्न चर्चच्या कमिटीपुढं आला. दोघांनाही बोलावून वाजवायला सांगितलं. मीराबाईंनी पुस्तकातलं नवं गीत काढलं, दोनदा अडखळल्या, तरी शेवटपर्यंत नेलं. चंपतरावांनी पुस्तक उघडून ठेवलं आणि लहानपणापासून पाठ असलेलं गीत असं वाजवलं, की एकदोघांनी डोळे पुसले. कमिटीतले वामनराव शाळाखात्यात हेडक्लार्क होते, नियमाचे पक्के. त्यांनी विचारलं, "नोटेशन वाचता येते ना तुम्हाले? उद्या नवी गीतं आली तं अडाले नको."

चंपतराव म्हणाले, "येते ना. मिससाहेबांनीच शिकवलं."

मीराबाई तिथंच बाकावर बसल्या होत्या. कमिटीला फार विचार करावा लागला नाही. मयताच्या घरी, रात्री-बेरात्री बोलावणं आलं तर बाईमाणूस कसं जाणार, असंही कोणी म्हणालं. जागा चंपतरावांना मिळाली. मीराबाईंनी पुस्तक मिटलं, ते चंपतरावांच्या हातात दिलं आणि सावकाश घरी गेल्या. त्यांच्या घरी वाद्य नव्हतं, हे चंपतरावांना माहीत होतं. त्या दिवशी ते आठवलं मात्र नाही.

पुढं सगळं सुरळीत चाललं. मंडळीची गीतं ठरलेली, सगळी कानात होती. नवं गीत आलं, की ते आधी कोणाकडून तरी म्हणवून घेत. लग्नात नवरी येताना मिससाहेबांच्या वेळची एक धून, जाताना दुसरी. कोणी कधी वेगळं मागितलं नाही. रविवारी लोक येऊन म्हणत, चंपतराव, आज तुम्ही रडवलं. ते हसून हात जोडत आणि पुस्तक कापडात गुंडाळून ठेवत. सिंधू अधूनमधून म्हणे, "सांगून टाका ना एखाद्या दिवशी. बाजा तं येते ना तुम्हाले." ते म्हणत, "आता काहून सांगू? इतकी वर्षं गेली."

अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात धंतोलीतल्या डॉक्टर मधुसूदन उजागरे यांची मुलगी शैलजा त्यांच्याकडं आली. ती वेल्लोरला डॉक्टरकी शिकून आली होती आणि नोव्हेंबरच्या शेवटी तिचं लग्न होतं. नवरा मुलगा जबलपूरचा. तिनं पिशवीतून एक जाड, जुनं पुस्तक काढलं. वेल्लोरच्या मैत्रिणीनं दिलेलं, पेटीवर वाजवायच्या युरोपातल्या अभिजात रचनांचं. शैलजाला स्वतःला नोटेशन येत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की सगळ्यांच्या लग्नात वाजतं ते तिच्या लग्नात वाजू नये. काहीतरी क्लासिकल, भारदस्त, चर्चला शोभेल असं.

"तुम्हीच निवडा काका," ती म्हणाली. "तुमच्याइतकं कळणारं इथं दुसरं कोण आहे?"

चंपतरावांनी पुस्तक उघडलं आणि मिटलं. ते म्हणाले, "ठेवून जा. पाहतो."

पुस्तक त्यांनी घरी नेलं. दोन-तीन दिवस पानं चाळली. काही नावं इंग्रजी होती, काही कुठल्या कुठल्या भाषेतली. एका पानावर ठिपके जरा विरळ होते, नावही सुटसुटीत होतं. ते पान त्यांनी कागदाची खूण घालून ठेवलं. कानाला ऐकवेल असं मात्र कोणी नव्हतं. होत्या त्या एकट्या मीराबाई. त्या आठवड्यात ते दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेले. एकदा त्या पटांगणात मुलींच्या रांगा लावताना दिसल्यासुद्धा. चंपतराव सायकलवरून न उतरताच पुढं निघून गेले. त्यांच्याकडं पुस्तक घेऊन जायचं म्हणजे एकसष्ट सालचं ते "येते ना" परत तोंडात घ्यायचं, आणि ते त्यांच्यानं होईना.

मग त्यांना इतवारीतले महादेवराव आठवले. महादेवरावांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. रेल्वेतले गोरे-अर्धगोरे साहेब नागपूर सोडून जाताना विकून गेलेलं सामान त्यांच्याकडं पडून असे. छापखाना सुटल्यावर चंपतराव तिथं गेले. पितळी भांडी आणि मोडक्या आरामखुर्च्यांमागं तबकड्यांची एक पेटी निघाली. महादेवराव ग्रामोफोनला चावी देत आणि चंपतराव एकेक तबकडी ऐकत. बहुतेक नाचाची गाणी होती. सातवी की आठवी तबकडी लावली आणि ते उभ्याचे खाली बसले.

धून संथ होती. खालच्या सुरांतून जड पावलं टाकत वर चढायची, थांबायची, पुन्हा चालायची. तबकडीवरचा कागद ओल लागून निघून गेला होता, नाव कुठलंच वाचता येईना. महादेवराव म्हणाले, "मोठ्या राजाची सवारी चालल्यासारखं वाटते गा."

चंपतरावांनाही तसंच वाटलं. म्हणजे तसं वाटून घ्यायचं त्यांनी ठरवलं. कारण त्या सुरात एक ओझं होतं, ते त्यांच्या कानाला पहिल्याच वेळी जाणवलं होतं. त्यांचा कान खोटं बोलत नसे. पण दिवस थोडे राहिले होते आणि नवरीच्या पावलांना चाल अगदी बरोबर बसत होती. मुलगी माहेर सोडून जाते तेव्हा डोळ्यांत पाणी येतंच, तेवढी उदासी चालायची, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दहा-बारा संध्याकाळी ते इतवारीत जाऊन ऐकत राहिले आणि धून बोटांत बसवली.

लग्नाच्या उपासनेची चार पानी पत्रिका त्यांच्याच छापखान्यात छापायची होती. "नवरीचं आगमन" या ओळीपुढं रचनेचं नाव घालायचं होतं. चंपतरावांनी खूण घातलेलं पान उघडलं आणि त्यावरचं नाव तिरप्या इंग्रजी खिळ्यांत एकेक अक्षर वेचून जुळवलं. वाजणार होती तबकडीवरची धून आणि छापलं जाणार होतं पुस्तकातलं नाव. सतरा वर्षांत ते खोटं फक्त तोंडानं बोलले होते. या वेळी हातानं जुळवून, शाई लावून त्याच्या तीनशे प्रती काढल्या. खिळे परत खणांत टाकताना त्यांचे कान गरम झाले होते.

लग्नाआधी गुरुवारी शैलजा ऐकायला आली. मधल्या वाटेवरून ती सावकाश चालत वेदीपर्यंत गेली, तिथं जरा वेळ थांबली आणि वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "हेच हवं होतं मला," ती म्हणाली. चंपतरावांना वाटलं, सुटलो.

शनिवारी चर्च भरून गेलं होतं. शैलजा वडिलांचा हात धरून आली, चंपतरावांनी धून सुरू केली आणि ती त्यांच्या हातून कधी नव्हे इतकी सुरेख उतरली. माणसं स्तब्ध उभी राहिली. चंपतरावांनी एकदा मान वळवून पाहिलं. तिसऱ्या बाकावर मीराबाई उभ्या होत्या. सगळ्यांचे चेहरे नवरीकडं होते, त्यांचा पायपेटीकडं होता. हातात पत्रिका उघडी होती. त्यांनी एकदा पत्रिकेकडं पाहिलं, एकदा चंपतरावांकडं, आणि पत्रिका मिटून पर्समध्ये ठेवली.

उपासना झाल्यावर आवारात मांडवाखाली चहा, केक आणि चिवडा होता. लोक येऊन चंपतरावांचं कौतुक करत होते. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मोठे मामा कप हातात घेऊन त्यांच्याजवळ आले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. लष्करी बँडमध्ये तीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी चंपतरावांच्या हाताची तारीफ केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्टरजी, एक बात पूछूँ? ये धुन तो हम बड़े अफसरों की मय्यत में बजाते थे. ताबूत तोप-गाड़ी पर रहता था, और हम आगे-आगे यही बजाते चलते थे."

चंपतरावांनी हातातला कप खाली ठेवला. मांडवापलीकडं शैलजा मैत्रिणींच्या घोळक्यात हसत होती.

बोलल्या त्या मीराबाई. त्या केव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या, चंपतरावांना कळलंही नव्हतं. शाळेत पालकांशी बोलावं तशा शांतपणे त्या म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, ही फार जुनी धून आहे. लष्करानं ती नंतर घेतली. आमच्या मिससाहेब ती आनंदाच्या प्रसंगीही वाजवायच्या. माझ्यासमोर वाजवलीये त्यांनी."

सुभेदार क्षणभर घुटमळले. मग शिक्षिकेशी वाद नको म्हणून असेल किंवा खरंच पटलं म्हणून असेल, "अच्छा, ये हमको मालूम नहीं था," म्हणत केकच्या टेबलाकडं गेले. मीराबाई चंपतरावांशी एक शब्द न बोलता दुसऱ्या बाजूला निघून गेल्या.

चंपतरावांना ठाऊक होतं, की मिससाहेबांनी ती धून कधीही आनंदाच्या प्रसंगी वाजवली नव्हती. वाजवली असती तर ती त्यांच्या कानात असती. ज्या बाईची जागा त्यांनी खोटं बोलून घेतली होती, ती आज त्यांच्यासाठी भर मांडवात खोटं बोलली होती. त्या दिवशी ते जेवणाला थांबले नाहीत. सायकल हातात धरून सदरपासून घरापर्यंत चालत गेले. सिंधूनं विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तिनं आधी त्यांच्यापुढं ताट ठेवलं. मग म्हणाली, "त्यांच्याकडं जाऊन या."

जायला त्यांना आठ दिवस लागले. मधल्या रविवारी त्यांनी पायपेटी वाजवली, पण पुस्तक कापडातून काढलं नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मीराबाई शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. दुपारची वेळ होती. त्यांनी दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर पलंगावर बसल्या. भिंतीशी एक अरुंद टेबल होतं. चंपतरावांची नजर त्यावर गेली आणि तिथंच खिळली. टेबलाच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड कागद चिकटवला होता आणि त्यावर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या होत्या. मधल्या पट्ट्यांवरचा रंग बोटं लागून लागून उडाला होता आणि खालचा पुठ्ठा दिसत होता.

चंपतरावांनी काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. शेवटी ते म्हणाले, "मले नोटेशन वाचता येत नाही, बाई. तवाही येत नव्हतं."

"मले माहीत आहे," मीराबाई म्हणाल्या.

"कवापासून?"

"पहिल्या महिन्यापासून. तुम्ही कडवं संपलं की पान उलटवता. पुस्तकात पान तिथं संपत नाही."

चंपतरावांनी मान खाली घातली. सतरा वर्षं दर रविवारी ते लोकांसमोर ऐटीत पान उलटत होते, आणि तिसऱ्या बाकावरून ही बाई ते पाहत होती.

मग मीराबाई सावकाश बोलल्या. पहिली दोन-तीन वर्षं फार राग होता. कमिटीत जाऊन सांगावं असं रोज वाटे. पण कोणीही हेच म्हटलं असतं, की जागा मिळाली नाही म्हणून जळते. पुढं राग निवला, कारण चंपतराव वाजवत ते खरोखरच चांगलं होतं आणि मंडळी मनापासून गात होती. आपणहून कधीतरी सांगतील, असं त्यांना वाटत राहिलं. हे सगळं त्या शिकवताना सांगावं तसं सांगत होत्या, आवाज न चढवता. त्यामुळं चंपतरावांना जास्तच लागत होतं.

"त्या दिवशी सुभेदाराले तुम्ही तसं काहून सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"शैलजासाठी. तिले मी दुसरी ते सातवी शिकवलं. तुमच्यासाठी नाही सांगितलं."

चंपतराव म्हणाले, की ते या आठवड्यातच कमिटीपुढं सगळं कबूल करतील आणि पायपेटी मीराबाईंच्या हवाली करतील. ती त्यांचीच होती.

मीराबाईंनी दोन्ही हात पुढं केले. सांधे सुजले होते, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती. चार वर्षांपासून संधिवात होता. फळ्यावर लिहितानाही खडू मुठीत धरावा लागे. "आता माह्या हातून नाही होत," त्या म्हणाल्या. "तुम्ही द्याल ते मी घेऊ कुठं?"

चंपतराव म्हणाले, निदान शैलजाला तरी जाऊन खरं सांगतो. मीराबाईंनी ते पुरं होऊ दिलं नाही. त्या म्हणाल्या, लग्नाला आठ दिवस झालेत, पोरगी आनंदात आहे. "तुम्हाले हलकं वाटावं म्हणून तिच्या डोक्यावर काहून ठेवता? ती स्वतःच विचारील तेव्हा सांगा."

कमिटीपुढं मात्र ते गेले. डिसेंबरच्या बैठकीत, नाताळच्या तयारीचा विषय संपल्यावर उभे राहिले आणि एकसष्ट साली आपण खोटं बोललो, असं त्यांनी सांगितलं. लग्नातल्या धुनीबद्दल बोलले नाहीत, ती गोष्ट शैलजाची होती. सगळे त्यांच्याकडं पाहत राहिले. नव्या पाळकसाहेबांना नीट कळलंच नाही, की यात एवढं काय आहे. एकजण हसून म्हणाला, "वाजवता तं चांगलं ना? मग झालं." दुसऱ्यानं चहा मागवला.

"ती जागा मीराबाईची होती," चंपतराव म्हणाले.

तेव्हा मात्र चहाची गडबड थांबली. वामनराव आता सत्तरीचे झाले होते, अजून कमिटीत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि समोरच्या कागदांत काहीतरी शोधू लागले. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून बैठक संपवली. कोणी त्यांना रागावलं नाही, जागेवरून काढलं नाही, काढलं तर दुसरं होतंच कोण? चंपतराव बाहेर आले तेव्हा आत गेले होते त्याहून जास्त शरमलेले होते. त्यांना माफी मिळाली होती, पण जिचं नुकसान झालं तिला कोणी काही विचारलंही नव्हतं.

जानेवारीपासून ते शुक्रवारी संध्याकाळी मीराबाईंकडं जायला लागले. त्यांनीच बोलावलं होतं. पन्नाशीचा माणूस कागदाच्या पेटीवर बोटं ठेवून मात्रा मोजायला शिकू लागला. शेजारच्या खोलीतल्या शिक्षिका खिडकीतून पाहत. फार अवघड गेलं. कान पुढं धावे, डोळे मागं राहत. मीराबाई पट्टीनं टेबलावर ठोकत आणि म्हणत, "ऐकू नका, वाचा." शाळेच्या पोरींनाही त्या असंच म्हणत असतील, असं त्यांच्या मनात येई. कागदाच्या पेटीतून आवाज निघत नसे, त्यामुळं कानाची मदत घ्यायची सोयच नव्हती. सतरा वर्षं बाईंनी हिच्यावर बोटं फिरवली, ती आवाजावाचून. हा विचार आला, की त्यांच्या हातून मात्रा चुके.

ऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर शैलजा नागपूरला आली. तिला मुलगी झाली होती आणि बाप्तिस्मा माहेरच्या चर्चमध्ये करायचा होता. ती चंपतरावांना चर्चच्या पडवीत भेटली आणि म्हणाली, "काका, लग्नात वाजवलेलं तेच वाजवा. मी सगळ्यांना सांगते, माझ्या लग्नातलं मला काही आठवत नाही, ती धून तेवढी आठवते."

चंपतरावांनी तिला पडवीतल्या बाकावर बसायला सांगितलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. इतवारीतली तबकडी, पत्रिकेवरचं खोटं नाव, सुभेदार काय म्हणाले ते, मीराबाई काय म्हणाल्या ते. आपल्या कानाला शंका आली होती, हेही सांगितलं. ते सिंधूलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

शैलजा ऐकत राहिली. मांडीवरचं बाळ चुळबुळलं, तिनं त्याला खांद्यावर घेतलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती म्हणाली, "मामांनी घरी काही सांगितलं नाही कधी. म्हणजे त्यांनी बाईंचं ऐकलं."

"हो."

"मला वाईट वाटलं काका. खोटं कशाला बोलू?" ती थांबली. "मी तुमच्यावर सोडलं होतं. तुम्ही नाही म्हणाला असता तरी चाललं असतं."

चंपतरावांनी दोन वर्षं मनात हजार उत्तरं तयार केली होती, त्यातलं एकही तिच्या या साध्या बोलण्यापुढं कामाचं नव्हतं.

जाताना ती म्हणाली, "बाळासाठी दुसरं निवडा. आणि बाईंना विचारून निवडा."

पुढचे तीन शुक्रवार दोघांनी शैलजाचं ते जुनं पुस्तक पुढ्यात घेतलं. मीराबाई एकेक रचना वाचत, तोंडानं गुणगुणत आणि सांगत, ही कशाची, ती कशाची. काही सणाच्या होत्या, काही संध्याकाळच्या उपासनेच्या. शेवटी एक छोटी रचना त्यांनी निवडली. दीड पानाची, पाळण्याच्या झोक्यासारखी, डाव्या हाताला सोपी. चंपतरावांनी ती कोणाकडूनही ऐकली नाही. ठिपका ठिपका वाचून बसवली. बाईंनी नाव लिहून दिलं, त्यांनी ते पत्रिकेसाठी जुळवलं आणि प्रूफ बाईंकडून दोनदा तपासून घेतलं.

बाप्तिस्म्याच्या सकाळी ते दोन ठिकाणी चुकले. एकदा तर पार थांबलेच आणि सूर शोधून पुन्हा निघाले. मागच्या बाकांवर कोणीतरी कुजबुजलं, चंपतरावांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. त्यांना ते ऐकू आलं. मान गरम झाली. त्यांनी पुस्तकावरून नजर काढली नाही आणि शेवटच्या ठिपक्यापर्यंत गेले.

उपासना संपल्यावर शैलजा बाळाला घेऊन आधी तिसऱ्या बाकाकडं गेली. मीराबाईंच्या हातांनी बाळ पेलवणार नाही, हे डॉक्टरच्या नजरेनं ओळखून तिनं ते त्यांच्या मांडीवर अलगद ठेवलं आणि खालून आपला हात तसाच आधाराला धरला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मग ती पायपेटीपाशी आली. "बरं झालं, काका," एवढंच म्हणाली आणि पाहुण्यांकडं वळली.

चंपतरावांनी झाकण लावलं, किल्ली पाळकसाहेबांकडं दिली आणि मीराबाईंना घरी जायला सायकलरिक्षा मिळते का ते पाहायला फाटकाकडं गेले.